मुळावर घाव घालणारा शल्यविशारद

स्तनात गाठ आढळली, ती कर्करोगाची असल्याचा संशय आला आणि रुग्ण स्त्रीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले, की पुढे काय घडणार हे विसाव्या शतकाची पहिली सात दशके जवळपास ठरलेले असे. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व लसिका ग्रंथी एकाच वेळी काढून टाकल्या जात. गाठ सुपारीएवढी असो वा लिंबाएवढी, स्त्री तिशीतली असो वा सत्तरीतली, उपाय एकच. अमेरिकेत तर या शस्त्रक्रियेला पर्याय सुचवणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे मानले जाई. ज्या माणसाच्या नावाने ती ओळखली जाई, ते डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड हे आधुनिक शल्यशास्त्राच्या शिल्पकारांपैकी एक. त्यांच्या हातून वैद्यकशास्त्राला जे मिळाले त्यातील बराचसा भाग आजही टिकून आहे. ज्या कामासाठी त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, ते मात्र काळाच्या कसोटीवर टिकले नाही.

हॉलस्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील एका संपन्न व्यापारी कुटुंबात झाला. कापडचोपडाची आयात करणारी वडिलांची पेढी नावाजलेली होती. मुलाचे शिक्षण आधी खासगी शाळांत आणि मग येल विद्यापीठात झाले. येलमध्ये ते अभ्यासापेक्षा मैदानावर अधिक रमले. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे नेतृत्व त्यांनी केले. ग्रंथालयातून त्यांनी एखादे पुस्तक नेल्याची नोंद मात्र सापडत नाही. शेवटच्या वर्षी शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या हाती पडले आणि या तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलली. १८७४ मध्ये येलची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि १८७७ मध्ये उत्तम गुणांनी डॉक्टर झाले.

त्या काळी शल्यशास्त्राचे खरे विद्यापीठ युरोप होते. १८७८ ते १८८० अशी दोन वर्षे हॉलस्टेड यांनी व्हिएन्ना, वुर्झबर्ग, लाइपझिग, हाले, बर्लिन येथील रुग्णालयांत घालवली. व्हिएन्नात बिलरोथ आणि हालेमध्ये फोल्कमन या दिग्गजांचे काम त्यांनी जवळून पाहिले. शस्त्रक्रिया ही केवळ हातचलाखी नसून शरीररचना, विकृतिशास्त्र आणि जंतुशास्त्र यांच्या पायावर उभे असलेले शास्त्र आहे, हा संस्कार त्यांना तेथेच मिळाला. १८८० मध्ये मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये त्यांचा झपाट्याने बोलबाला झाला. ते सकाळपासून रात्रीपर्यंत पाच-सहा रुग्णालयांत शस्त्रक्रिया करीत, विद्यार्थ्यांना शिकवीत, पाहुण्यांना मेजवान्या देत. १८८१ मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बहीण मरणाच्या दारात असताना त्यांनी स्वतःच्या शिरेतून रक्त काढून तिला दिले आणि तिचे प्राण वाचवले. रक्तगटांचा शोध तेव्हा लागायचा होता. पुढच्याच वर्षी आईच्या पित्ताशयात पू झाल्याचे निदान त्यांनी केले आणि घरातल्या टेबलावर मध्यरात्रीनंतर शस्त्रक्रिया करून खडे बाहेर काढले. धाडस, आत्मविश्वास आणि जिवलगांवरही सुरी चालवण्याची तयारी हा या काळातल्या हॉलस्टेड यांचा स्वभाव होता.

हेच धाडस त्यांना महागात पडले. सप्टेंबर १८८४ मध्ये कार्ल कोलर या व्हिएन्नातील तरुण डॉक्टरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले. ही बातमी न्यूयॉर्कला पोहोचताच हॉलस्टेड यांच्या मनात विचार आला, की हेच द्रव्य टोचून एखाद्या मज्जातंतूपाशी सोडले, तर त्या मज्जातंतूच्या ताब्यातला सारा भाग बधिर होईल. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग स्वतःवर आणि एकमेकांवर सुरू केला. काही महिन्यांतच जबड्याच्या मज्जातंतूपासून हातापायांच्या मज्जातंतूंपर्यंत भूल देण्याची रीत त्यांनी सिद्ध केली. दात काढण्यापूर्वी हिरडीच्या मागे टोचली जाणारी सुई हा त्याच प्रयोगांचा वारसा. परंतु कोकेन व्यसन लावते, हे तेव्हा कोणाला पुरते ठाऊक नव्हते. प्रयोगात सामील झालेल्या कित्येक तरुण डॉक्टरांची आयुष्ये त्यात बरबाद झाली. हॉलस्टेडही पूर्णपणे त्याच्या आहारी गेले. १८८५ मध्ये याच विषयावर त्यांनी लिहिलेला निबंध इतका विस्कळीत आहे, की तो लिहिणाऱ्याची अवस्था त्यातूनच कळते.

मित्र विल्यम वेल्च यांनी त्यांना सावरण्याचा प्रयत्न केला. १८८६ मध्ये हॉलस्टेड ऱ्होड आयलंडमधील बटलर रुग्णालयात काही महिने उपचारांसाठी राहिले. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन दिले गेले आणि एका व्यसनाला दुसरे जोडले गेले. न्यूयॉर्कमधली झळाळती कारकीर्द चौतिसाव्या वर्षी संपल्यात जमा होती. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स यांच्या देणगीतून नवे रुग्णालय उभे राहत होते आणि वेल्च तेथे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी हॉलस्टेड यांना आपल्या प्रयोगशाळेत आणले. तेथे कुत्र्यांच्या आतड्यांवर प्रयोग करून, आतडे शिवताना टाका नेमक्या कोणत्या थरातून गेला म्हणजे तो धरून राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. मे १८८९ मध्ये रुग्णालय सुरू झाले. प्रमुख शल्यविशारदाचे पद त्यांच्याकडे आधी तात्पुरते सोपवण्यात आले आणि त्यांचे वर्तन पारखून १८९० मध्ये ते कायम केले गेले.

बाल्टिमोरचे हॉलस्टेड न्यूयॉर्कच्या हॉलस्टेडपेक्षा अगदी वेगळे होते. ते अबोल, एकलकोंडे आणि कमालीचे काटेकोर झाले. भूल देण्याची सोय नव्हती त्या जमान्यात मिनिटांत पाय कापणारा शल्यविशारद श्रेष्ठ ठरे. हॉलस्टेड मात्र तासन् तास शस्त्रक्रिया करीत. प्रत्येक बारीक रक्तवाहिनी चिमट्यात धरायची, बारीक रेशमी धाग्याने बांधायची, पेशीजालावर ताण येऊ द्यायचा नाही, जखमेत पोकळी ठेवायची नाही, जंतूंना वाव द्यायचा नाही, हे त्यांचे दंडक. आज जगातील कोणत्याही शस्त्रक्रियागृहात हे नियम पाळले जातात आणि ते त्यांच्याच नावाने शिकवले जातात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत आणि थायरॉइडच्या कामातही त्यांनी मोलाची भर घातली.

रबरी हातमोज्यांची कथा याच काळातली. त्यांच्या शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने सोलवटून निघत असे. १८८९-९० च्या हिवाळ्यात हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे मोजे बनवून घेतले. परिचारिकेचे हात वाचावेत एवढाच त्यामागचा हेतू होता. काही वर्षांनी त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया करताना मोजे नियमितपणे वापरायला सुरुवात केली, तेव्हा जखमा चिघळण्याचे प्रमाण घटले. जून १८९० मध्ये हॉलस्टेड आणि कॅरोलिन विवाहबद्ध झाले.

स्तनाच्या कर्करोगाकडे हॉलस्टेड वळले तेव्हा या रोगाची अवस्था भयानक होती. स्त्रिया लाजेने व भीतीने गाठ लपवून ठेवत. डॉक्टरांकडे येईपर्यंत गाठ मोठी झालेली, कित्येकदा फुटून चिघळलेली असे. भूल आणि निर्जंतुकीकरण आल्याने शस्त्रक्रियेत दगावण्याचा धोका कमी झाला होता. पण काही महिन्यांतच रोग त्याच जागी, जखमेच्या व्रणात पुन्हा डोके वर काढी. युरोपातील नामवंत शल्यविशारदांच्या नोंदींमध्येही असा रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा ५० ते ८० एवढे होते. लंडनचे चार्ल्स मूर यांनी १८६७ मध्येच याचे कारण सांगितले होते: शल्यविशारद गाठ तुकड्यातुकड्यांनी आणि अपुरी काढतात, मागे राहिलेले कण पुन्हा वाढतात. फोल्कमन स्तनाखालच्या स्नायूवरचे आवरणही काढीत. हॉलस्टेड यांनी या विचाराला तार्किक टोकापर्यंत नेले.

त्यांची धारणा अशी होती, की कर्करोग एका केंद्रातून सुरू होतो आणि लसिकावाहिन्यांच्या वाटेने टप्प्याटप्प्याने बाहेर पसरतो. आधी स्तन, मग काखेतील ग्रंथी, मग गळ्याकडचा भाग आणि त्यानंतर दूरचे अवयव. काखेतील ग्रंथी म्हणजे जणू वाटेवरचे नाके. रोग या टापूच्या आत आहे तोवर सारा टापूच एकसंध उचलून काढला, तर रोगी बरा व्हायलाच हवा. म्हणून स्तन, छातीचा मोठा स्नायू आणि काखेतील ग्रंथी व चरबी हे सारे मध्ये कोठेही गाठीवर सुरी न चालवता एकाच तुकड्यात काढायचे. पुढे त्यांनी छातीचा लहान स्नायूही यात समाविष्ट केला, तर काही रुग्णांमध्ये गळ्याखालच्या हाडामागील ग्रंथीही काढल्या. लॅटिन भाषेत ‘रॅडिक्स’ म्हणजे मूळ. रोग मुळासकट उपटणारी म्हणून ही ‘रॅडिकल’ शस्त्रक्रिया.

१८९४ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील ५० स्त्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेच्या जागी रोग उलटला होता केवळ तिघींमध्ये, म्हणजे शेकडा ६. युरोपातील आकड्यांशी तुलना करता हे यश थक्क करणारे होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे विली मायर यांनीही अशीच शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे वर्णन केली. चिघळलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या जखमेसह उरलेले दिवस काढण्याच्या यातनेतून असंख्य स्त्रियांची या शस्त्रक्रियेने सुटका केली, हे निर्विवाद आहे.

तथापि, या आकड्यांमध्येच एक प्रश्न दडलेला होता. व्रणात रोग उलटला नाही म्हणजे स्त्री बरी झाली, असे नव्हे. १९०७ पर्यंत हॉलस्टेड यांच्यापाशी २३२ रुग्णांच्या नोंदी जमा झाल्या होत्या आणि त्यांचा पाठपुरावा त्यांनी प्रामाणिकपणे केला होता. त्यातून दिसले ते असे: ज्यांच्या काखेतील ग्रंथी रोगमुक्त होत्या, त्यांच्यापैकी बहुतेक स्त्रिया जगल्या, ज्यांच्या ग्रंथींत रोग पोहोचला होता, त्यांच्यापैकी बहुतेक शस्त्रक्रिया कितीही विस्तृत झाली तरी दगावल्या. त्यांच्या हाडांत, यकृतात, फुप्फुसांत रोग आधीच जाऊन बसलेला होता. शस्त्रक्रियेच्या विस्तारापेक्षा रोगाच्या प्रवासावरच रुग्णाचे भवितव्य अवलंबून होते. हॉलस्टेड यांनी यातून काढलेला बोध मात्र निराळा होता. शस्त्रक्रिया लवकर व्हावी आणि अधिक विस्तृत व्हावी, असे त्यांना वाटत राहिले.

याची किंमत स्त्रियांच्या शरीराने मोजली. छातीच्या एका बाजूला बरगड्यांवर केवळ त्वचा उरे, खांदा आत खचे, हात वर उचलणे कठीण होई. काखेतील लसिकावाहिन्या तुटल्याने अनेकींचा हात आयुष्यभर सुजलेला राही. पुढे तर गाठीची तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलेखाली उरकण्याची प्रथा पडली. गाठ कर्करोगाची आहे की नाही हेही ठाऊक नसताना स्त्री झोपी जाई आणि जागी झाल्यावर छातीला हात लावून निदान समजून घेई.

एखादी पद्धत एवढी रुजते ती केवळ तिच्या गुणांवर नव्हे. हॉलस्टेड यांनी जर्मन धर्तीवर शल्यविशारद घडवण्याची जी व्यवस्था अमेरिकेत उभारली, तिच्यात तरुण डॉक्टर वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहून, पायरीपायरीने जबाबदारी घेत तयार होत. आजची निवासी डॉक्टरांची पद्धत हा तिचाच विस्तार. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक मानले जाणारे हार्वे कुशिंग आणि त्याच क्षेत्रातील वॉल्टर डँडी हे या शाळेतले. हॉलस्टेड यांचे शिष्य अमेरिकेतील मोठमोठ्या विद्यापीठांत प्रमुखपदी गेले आणि गुरूंची सूक्ष्मता, संयम, शिस्त यांबरोबरच त्यांची शस्त्रक्रियाही घेऊन गेले. गुरूंच्या मृत्यूनंतर ती प्रश्न विचारण्याचा विषय राहिली नाही, परंपरेचा भाग बनली.

स्वतः हॉलस्टेड शेवटपर्यंत एक गुपित उराशी बाळगून होते. उन्हाळ्यात ते कित्येक महिने बाल्टिमोर सोडून जात. कधी युरोपात एकटेच, कधी नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांतील आपल्या घरी, जेथे ते हौसेने डेलियाची फुले वाढवीत. सदरे धुण्यासाठी ते पॅरिसला पाठवत, अशा त्यांच्या नाना तऱ्हा सांगितल्या जातात. व्यसन सुटले असा बहुतेकांचा समज होता. त्यांचे सहकारी सर विल्यम ऑस्लर यांनी मात्र रुग्णालयाचा एक गुप्त वृत्तांत लिहून ठेवला होता. तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हॉलस्टेड पद मिळाल्यानंतरही दीर्घकाळ रोज मॉर्फिन घेत होते, हे जगाला कळले. ते ओझे वाहत त्यांनी तीन दशके शस्त्रक्रियागृह चालवले. १९१९ मध्ये त्यांच्याच शिष्यांच्या पिढीने त्यांच्या पित्ताशयावर शस्त्रक्रिया केली. १९२२ मध्ये तो त्रास पुन्हा उद्भवला आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ७ सप्टेंबर रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅरोलिनही गेल्या.

त्यांच्या हयातीतच एका वेगळ्या वाटेची चाहूल लागली होती. १८९६ मध्ये ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी बीजांडकोश काढल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातील वाढलेला रोग ओसरतो, हे दाखवले होते. म्हणजे हा रोग एका जागी बसलेला नसून सगळ्या शरीराच्या कारभाराशी, संप्रेरकांशी जोडलेला होता. १९२० च्या दशकात लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी रेडियमचे उपचार आणि मर्यादित शस्त्रक्रिया यांचा मेळ घालून पाहिला. १९५० च्या दशकात क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल धाकटे यांनी लहान शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला. त्यांच्या वाट्याला सहव्यावसायिकांचा रोषच अधिक आला.

निर्णायक घाव घातला तो पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी. कर्करोगाच्या पेशी लसिका ग्रंथींच्या नाक्यावर थांबत नाहीत, रक्तावाटे त्या फार आधीच शरीरभर जाऊ शकतात, असे त्यांच्या प्रयोगांवरून दिसत होते. हे खरे असेल तर स्नायू काढून जीव वाचणार नाही. वादाचा निकाल मताने नव्हे तर चाचणीने लावायचा, असे त्यांनी ठरवले. १९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत सोळाशेहून अधिक स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने गटांत विभागणी झाली: काहींवर हॉलस्टेड यांची शस्त्रक्रिया, काहींचा केवळ स्तन काढलेला, काहींना त्याच्या जोडीला किरणोपचार. अनेक शल्यविशारदांनी आपले रुग्ण द्यायला नकार दिल्याने आवश्यक संख्या गाठण्यास तीन वर्षे लागली. २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही गटांच्या जीवितमानात लक्षणीय फरक आढळला नाही. १९७६ च्या दुसऱ्या चाचणीने, तसेच मिलानमध्ये उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी केलेल्या अभ्यासाने, लहान गाठ असल्यास तेवढाच भाग काढून किरणोपचार दिले तरी स्त्री तितकीच जगते, हे सिद्ध केले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने हॉलस्टेड यांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण उपचार हे स्थान काढून घेतले. त्यानंतर टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकविरोधी औषधे, रसायनोपचार आणि विशिष्ट प्रथिनांना लक्ष्य करणारी औषधे यांनी सर्व शरीरातील रोगाशी लढण्याची जबाबदारी उचलली.

मग हॉलस्टेड चुकले, असे म्हणून मोकळे व्हावे काय? गाठ स्वच्छ आणि पूर्ण काढली पाहिजे, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. रोगाच्या प्रवासाविषयीचे त्यांचे अनुमान मात्र त्यांच्या काळाच्या ज्ञानापुरते होते. त्याहून मोठी चूक पुढच्या पिढ्यांची. एका कुशल शल्यविशारदाच्या स्वतःच्या रुग्णांच्या नोंदीला त्यांनी अंतिम सत्य मानले आणि तुलनेची कसोटी लावायला पाऊण शतक घेतले.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने, डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली, देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे साधे, स्वस्त औषध टोचण्यात आले. गाठ हाताळताना कर्करोगाच्या पेशी निसटून पसरण्याची प्रक्रिया त्याने रोखता येईल काय, हा प्रश्न होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८६.४ वरून ९०.१ वर गेले. अन्य देशांतील चाचण्यांनी याला दुजोरा मिळाला, तर कमी खर्चात अनेक जीव वाचू शकतील.

सुईने औषध सोडून शरीराचा एक भाग बधिर करण्याची वाट ज्यांनी स्वतःच्या आयुष्याची राखरांगोळी होण्याच्या मोबदल्यात मोकळी केली, त्यांत हॉलस्टेड अग्रभागी होते. मृत्यूच्या काही महिने आधी अमेरिकेतील दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने या कामाचे श्रेय त्यांना जाहीरपणे दिले होते. ज्या शोधाने त्यांचे तारुण्य गिळले, तो स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना त्यांच्या प्रसिद्ध शस्त्रक्रियेपेक्षा अधिक काळ उपयोगी पडेल, असे आता दिसू लागले आहे.